एक्सचेंज चार्टमध्ये मिसळ कुठं बसवायची?

वर्कशॉपवाला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन. वय ४६, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ८४. परवाच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, गोळी आत्ताच नको, आधी वजन उतरवा, आणि आहारतज्ज्ञ मॅडमकडं धाडलं. मॅडमनी एक छापील कागद हातात ठेवला. वर १५०० कॅलरी, खाली धान्य ७, डाळ २, दूध ३, भाजी ३, फळ २, तेल ४, साखर ०. याला म्हणे फूड एक्सचेंज प्लॅन म्हणतात. एका गटातला पदार्थ त्याच गटातल्या दुसऱ्या पदार्थाशी बदलायचा, गट ओलांडायचा नाही.

कल्पना पटली, पण ताटात उतरेना. कागदावर लिहिलंय 'भाकरी १ मध्यम'. आमच्या घरी भाकरी आई थापते आणि ती ताटाच्या काठाला टेकते. वर्कशॉपात शाफ्टला दोन-तीन शतांश मिलिमीटर जादा झालं तर माल परत येतो, आणि इथं 'मध्यम'! नेटवर दुसरा चार्ट बघितला तर तिथं धान्याच्या एका एक्सचेंजला, म्हणजे एका मापाला, ८० कॅलरी, माझ्या कागदावर १००. कुठला खरा?

पुढचं महत्त्वाचं. शनिवारी कामाची पोरं आणि मी मिळून मिसळ खातो. बुधवारी आणि रविवारी घरात मटण असतंय. सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर एक ग्लास धारोष्ण दूध होतं, ते लहानपणापासूनचं आहे. दूध ३ लिहिलंय म्हणजे तीन ग्लास चालतील का? मिसळ कुठल्या खान्यात लिहायची? 'हे सगळं बंद करा' एवढंच सांगणार असाल तर तो सल्ला घरात फुकट मिळतो.

तालमीतला_गडी

भावा, तीन ग्लास म्हशीचं दूध आणि वर मिसळ, तू वजन उतरवायला निघालायस का खासबागच्या मैदानात उतरायला? पैलवान तेवढं पितात, पण त्याच्या बदल्यात पहाटे उठून जोर-बैठका आणि मातीतली झटापट असती. तू दिवसभर मशीनपुढं उभा. असो, जाणकार येतील सांगायला. मलापण मिसळीचं उत्तर पाहिजे.

पथ्याचा_डबा

वर्कशॉपवाले दादा, मी इथल्याच एका रुग्णालयाच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, आता निवृत्त आहे. रोज ह्याच हिशोबानं ताटं लावून वॉर्डात पाठवायची, हे माझं काम. तुमच्या प्रश्नांतलं दुधाचं आधी घेते, कारण ते ऐकून मला घाम फुटला.

दूध ३ म्हणजे ३०० मिली, दिवसभराचं, चहातलं धरून. आपल्याकडच्या पद्धतीत दुधाचं एक एक्सचेंज १०० मिलीचं आणि ते साधारण ७० कॅलरीचं, म्हणजे गाईचं किंवा टोन्ड दूध धरलेलं. म्हशीच्या दुधात १०० मिलीला ११५-१२० कॅलरी जातात, कारण फॅट साडेसहाच्या घरात. कट्ट्यावरचा ग्लास २५० मिलीचा धरला तर २९० कॅलरीच्या आसपास. तो असा लिहायचा: दूध अडीच, तेल अडीच (एक तेल म्हणजे एक चहाचा चमचा, ४५ कॅलरी). हो, तेलाच्याच खान्यात. साय दिसत नाही म्हणून स्निग्धांश कुठं जात नाही. तुमच्या चार तेलांतली अडीच सकाळी सातच्या आत संपली, अजून फोडणीसुद्धा पडली नाही. कट्टा सोडू नका, अर्धा ग्लास घ्या. गप्पांना ग्लास भरलेला लागत नाही.

आता दोन चार्टांचं. दोन्ही खरे आहेत, फक्त एकमेकांत मिसळायचे नाहीत. ही पद्धत मुळात अमेरिकेत १९५० साली मधुमेहाच्या रुग्णांसाठी तयार झाली. तिथल्या यादीत पिष्टाचं एक एक्सचेंज म्हणजे १५ ग्रॅम कर्बोदकं आणि ८० कॅलरी. त्यांचा पाया पावाची स्लाइस. आपल्याकडं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं जो भाग धरलाय तो ३० ग्रॅम कच्च्या धान्याचा, त्यातून १०० कॅलरी मिळतात. फळाचंही तसंच, त्यांचं एक फळ ६० कॅलरीचं, आपलं १०० ग्रॅमचं आणि ४० च्या आसपास. मॅडमचा कागद १०० चा आहे ना, मग मोबाइलमधला ८० चा चार्ट आजच पुसून टाका. सात एक्सचेंज धरले तर दोन्हींत १४० कॅलरीचा फरक पडतो, आणि लोक सोयीनुसार कधी हा तर कधी तो वापरतात.

'मध्यम'वर मीही नोकरीत चिडायचे. त्याला उपाय एकच. घरात भाकरी करायला घेतील तेव्हा आईंना नेहमीसारखं पीठ घेऊ दे. पाणी घालायच्या आधी ते कोरडं पीठ काट्यावर ठेवा. ३० ग्रॅमला १ एक्सचेंज, ६० ला २. थापलेली भाकरी मोजू नका, तिच्यात पाणी असतं आणि ते रोज कमीजास्त होतं. भाताचं तसंच, ३० ग्रॅम कच्चे तांदूळ शिजून ८०-९० ग्रॅम होतात. तेवढा भात तुमच्या कुठल्या वाटीत कुठपर्यंत येतो ते एकदा बघून ठेवा. डाळ ३० ग्रॅम कच्ची म्हणजे वाटीभर घट्ट वरण, त्यात प्रथिनं सातएक ग्रॅम. एकदा घरातली भांडी ओळखीची झाली की काटा कपाटात गेला तरी चालतो.

मटण डाळीच्या खान्यात जातं. डाळीचा एक भाग काढला की त्याच्या जागी ५० ग्रॅम मटण, चिकन, मासे किंवा एक अंडं, हाडं न धरता. म्हणजे मटणाच्या दिवशी १०० ग्रॅम खा आणि त्या दिवशी वरण-उसळ नको. मटण आहे म्हणून वरण कुणी वगळत नाही, दोन्ही वाढून घेतात, तिथं गणित फिसकटतं.

राहिली मिसळ. ती एका खान्यात बसतच नाही, फोडून लिहायची. मटकीची उसळ अर्धी वाटी: डाळ अर्धा. फरसाण मूठभर, ३० ग्रॅम धरा: डाळ पाऊण आणि तेल २. आपल्याकडं सोबत स्लाइस ब्रेड येतो, चार स्लाइस मिळून १०० ग्रॅमच्या आसपास: धान्य अडीच. खाली बटाटा किंवा पोहे असतील तर त्याचे अजून थोडे. आणि कट. पहिल्या वाटीतला तवंग कमीत कमी तीन चमचे तेल, म्हणजे तेल ३. बेरीज ६०० च्या पुढं जाते. कॅलरीपेक्षा खानं बघा. तेल ५ झालं, तुमचा दिवसाचा कोटा ४. आणि हे कटाची वाटी परत भरून न घेता. कोल्हापुरात कोण परत भरून घेत नाही ते मला दाखवा!

शनिवारी मिसळ खायचीच असेल तर फरसाण निम्मं, ब्रेड दोन, कट एकदाच आणि वाटीत चमचा खालून घालून घ्यायचा. त्या दिवशी घरात फोडणीचं काही नको, रात्री भाकरी, ताक आणि कोशिंबीर. थोडं जास्त होईल, पण पुढं-मागं भरून निघतं.

आता मुद्द्याचं, जे कागदावर एका आकड्यात दडलंय. तेल ४ म्हणजे चार चहाचे चमचे, २० ग्रॅम, १८० कॅलरी. दिवसभराचं. आपला स्वयंपाक सुकं खोबरं, तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट यावर चालतो, आणि ते सगळं ह्याच खान्यात जातं. दहा शेंगदाणे म्हणजे एक चमचा तेल. पांढरा रस्सा पातळ दिसतो म्हणून लोक पाण्यासारखा पितात, त्यात नारळाचं दूध, तीळ, काजू असतात. एका वाटीला दोन तेल धरल्याशिवाय मी पुढं जाणार नाही. घरात महिन्याला तेलाचे किती कॅन येतात आणि माणसं किती, एवढं सांगा. बाकीचं मी काढून देते.

कागलचा_शेतकरी

काकी, माहिती चांगली आहे पण एवढं मोजत बसलो तर जेवायचं कधी? आमचा आजा तीन भाकऱ्या, लोण्याचा गोळा आणि गुळाचा खडा खाऊन नव्वदीपर्यंत जगला. साखर सोडा आणि आपला कोल्हापुरी गूळ खावा, नैसर्गिक आहे, त्यानं काही होत नाही.

पथ्याचा_डबा

आजोबा मोट हाकत होते का मोटारसायकल? नांगरामागं दिवसभर चालणाऱ्याला तीन भाकऱ्या कमीच पडतील. खर्च तसा कोटा, म्हणून तर प्रत्येकाचा कागद वेगळा असतो.

गुळाबद्दल वाईट बोलणार नाही, मीही ह्याच मातीतली. पण १०० ग्रॅम साखरेत ३९८ कॅलरी आणि गुळात ३८३. इतकाच फरक. पाच ग्रॅमचा खडा म्हणजे २० कॅलरी, खानं साखरेचं, आणि दादांच्या कागदावर तिथं शून्य आहे. पिवळाधमक असो की काळपट, रक्तात जाऊन दोघंही तेच करतात.

इन्सुलिनवाली

मी बरीच वर्षं इन्सुलिनवर आहे, म्हणून दोन गोष्टी घालते.

पहिली, ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही ठरावीक गोळ्या चालू आहेत त्यांनी हा धागा वाचून परस्पर भाकऱ्या कमी करू नयेत. डोस तोच आणि धान्य निम्मं झालं तर साखर खाली जाते, हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो. आधी डॉक्टरांशी बोला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा कागद उपयोगाचाच नाही, त्यांच्या याद्या वेगळ्या असतात, तिथं प्रथिनं आणि पोटॅशियम बघावं लागतं.

दुसरी, एक्सचेंज कागदावर सारखे असले तरी साखर मोजायच्या मीटरवर सारखे नसतात. दोन भाताचे आणि दोन ज्वारीच्या भाकरीचे, कॅलरी एकच, पण जेवणानंतर दोन तासांनी माझा आकडा भाताला बराच वर असतो. साबुदाण्याचं तर विचारूच नका, निव्वळ पिष्ट. आषाढीला खिचडी खाऊन 'एकच धान्य धरलं' म्हणणारे आमच्या घरात आहेत, आणि त्यातलं कूट कुणी तेलात मोजत नाही. ही पद्धत किती खायचं ते चांगलं सांगते, साखर किती वेगानं चढेल ते सांगत नाही. त्यासाठी भाजी आधी खाणं, भात शेवटी आणि थोडा, हे आपलं आपण बघायचं.

दादा, तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तीसला टेकलाय. आपल्या लोकांना २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. कंबर पण मोजा, पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवी.

तालमीतला_गडी

काकी, एक शंका. घरी तांबडा रस्सा केल्यावर तर्री काढून टाकायची का? तर्री काढलेला तांबडा म्हणजे लाल पाणी. पाहुण्यापुढं ठेवला तर सोयरीक मोडंल.

पथ्याचा_डबा

पाहुण्याला तर्रीसकट वाढा, तो आपल्या जिवाचा मालक आहे. तुमच्यासाठी मात्र रस्सा आदल्या रात्री करून झाकून ठेवा. सकाळी तवंग वर घट्ट बसलेला असतो, मटणाची चरबीही त्यातच, डावानं अलगद उचलून बाजूला एका वाटीत काढा. मग गरम करा. मसाला, मीठ, तिखट, सगळी चव खाली राहते. वाढताना त्या काढलेल्या तवंगातला एक चमचा वरून सोडा, रंग येतो, आणि एक तेल लिहा. फेकायचं काहीच नाही, उरलेला तवंग दुसऱ्या दिवशी वांग्याच्या फोडणीला. हॉटेलात हे जमणार नाही, तिथं वाटी थोडी तिरकी करून वरचं ओघळू द्यायचं, आणि वेटर बघत असेल तर बघू दे.

वर्कशॉपवाला

मंडळी, परत आलो. वर्कशॉपातला छोटा काटा घरी नेला. आई म्हणाली, "गुजरीत दुकान टाकतोयस काय, सोनं तोलाय लागलास ते?" तिनं नेहमीसारखं दोन ओंजळी पीठ परातीत घेतलं, मी ते काट्यावर टाकलं. ९२ ग्रॅम. परत एकदा घ्यायला लावलं, ९० ग्रॅम. बाईचा हात माझ्या मशीनपेक्षा पक्का. म्हणजे एका भाकरीला तीन एक्सचेंज! मी दुपारी दोन खातो. सातातली सहा तिथंच गेली, वर भात होताच.

आता आईनं एक वाटी ठरवली आहे, काठोकाठ भरली की ६० ग्रॅम पीठ येतं. भाकरी लहान दिसते म्हणून तिला वाईट वाटतंय, शेजारणीला सांगत होती की पोराला धड जेवू देत नाहीत.

तेलाचं विचारलंत. घरात पाच माणसं, महिन्याला पाच लिटरचे दोन कॅन. चटणीला आणि लोणच्याला वेगळं आणतो ते सोडून.

पथ्याचा_डबा

आईंना सांगा, ताटली लहान घ्या, भाकरी आपोआप मोठी दिसते. आणि कोशिंबिरीची वाटी मोठी. भाजी ३ लिहिलीय म्हणजे ३०० ग्रॅम, पालेभाजी, दोडका, गवार, काकडी मिळून. ही एकच जागा आहे जिथं मी 'अजून घ्या' म्हणते, आणि नेमकं तिथंच आपलं ताट रिकामं असतं. मटणाच्या ताटात भाजी म्हणून कांद्याच्या दोन चकत्या!

पाच लिटर तेल म्हणजे वजनानं साडेचार किलोच्या थोडं वर. दोन कॅनचं नऊ किलो धरा. पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोज ६० ग्रॅम येतं. तेलाचं एक्सचेंज ५ ग्रॅमचं, म्हणजे १२. कागदावर ४. कुणी जास्त खात असेल, कुणी कमी, पण सरासरी ही आहे, आणि ह्यात दूध, खोबरं, दाणे अजून आलेच नाहीत. १२ गुणिले ४५ म्हणजे ५४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तुम्हाला दिलेल्या १५०० तला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

एकदम ४ वर आणायला जाऊ नका, घरात भांडणं होतील आणि तेलाचा डबा जिंकेल. पुढच्या महिन्यात दोन कॅनऐवजी एकच आणा. बाटलीतून ओतायचं बंद, चमच्यानं घालायचं. एवढं झालं तरी माणशी ३० ग्रॅमवर येता, आणि वहिनी-आईंचंही भलं होईल. ते पाचही जणांचं पथ्य आहे, तुमच्या एकट्याचं नाही.

कागलचा_शेतकरी

काकी, आमच्या घरी सहा माणसांत पंधरा किलोचा डबा महिन्यात संपतो. लिहिल्यावर मलाच कसंतरी वाटलं. बायकोला दाखवतोय हे.

वर्कशॉपवाला

येत्या रविवारचं ताट लिहून आणलंय, तपासून द्या.

सकाळी कट्ट्यावर अर्धा ग्लास. नाष्ट्याला पोहे ३० ग्रॅम, धान्य १, तेल १. दुपारी छोटी भाकरी एक, धान्य २. भात पाऊण वाटी, धान्य १. मटण १०० ग्रॅम, डाळ २. तांबडा रस्सा तवंग काढून, वर एक चमचा, तेल १. दहीकांदा, दूध १, भाजी १. पांढरा रस्सा फक्त दोन घोट. संध्याकाळी पेरू दोन, फळ २. रात्री ३० ग्रॅमच्या चपात्या तीन, धान्य ३, बटाट्याची भाजी, भाजी २, तेल १. धान्य ७ बरोबर बसलं, तेल ३ झालं, एक शिल्लक आहे!

पथ्याचा_डबा

छान बसवलंय, पण तीन ठिकाणी लाल पेन चालवते.

बटाटा भाजीत धरलाय. तो कंद आहे, १०० ग्रॅमला ८० कॅलरी, जवळजवळ एका धान्याएवढा. रात्री १०० ग्रॅम बटाटा हवा असेल तर चपात्या दोनच. त्यापेक्षा दोडका करा आणि तिसरी चपाती खा.

कट्ट्यावरचा अर्धा ग्लास आकडे न घालता लिहिलाय. दूध सव्वा, तेल सव्वा. तुमचं शिल्लक तेल तिथं गेलं, वर पाव उलट.

आणि 'दोन घोट' हे माप माझ्या ऐकिवात नाही. पांढरा फुलपात्रात घ्या, वाटीभर भरला तर तेल २ लिहा. मग तेल सहाच्या वर जातं. सकाळचे पोहे काढा, त्याऐवजी दह्याबरोबर अर्धी भाकरी, एक सुटलं. बाकीचं सोमवारी कट्ट्यावर चहा पिऊन फेडा, बिनसाखरेचा.